डबा रिकामा पाठवू नकोस

पंचवटी, नाशिक
रविवार, संध्याकाळ

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, मी तो डबा परत पाठवून देऊ का?’ आणि मी नुसतं ‘उद्या सांगतो’ म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, बाबांना झोप आली. झोप कसली, दोन वाजेपर्यंत जागा होतो. सांगण्यासारखं खूप होतं आणि फोनवर ते अर्धवट झालं असतं, म्हणून आज दुपारचं जेवण झाल्यापासून लिहायला बसलोय. आई मधून मधून डोकावून जाते. तिलाही काही घालायचंय यात, पण म्हणते, आधी तुमचं होऊ द्या.

मला कळलं ते असं. महिन्यापूर्वी चेन्नई सेंट्रलवर तुला एक आजोबा भेटले. त्यांचा मोबाईल बंद पडलेला, मुलगा कुठल्या दाराशी येणार ते ठाऊक नाही, आणि तुझं तमिळ ‘वणक्कम’च्या पुढे जात नाही. तू त्यांना बाकावर बसवलंस, त्यांच्या खिशातल्या डायरीतून मुलाचा नंबर शोधून फोन लावलास आणि तो येईपर्यंत सव्वा तास शेजारी बसून राहिलीस. ऑफिसला उशीर झाला, साहेबांची बोलणी खाल्लीस. मैत्रिणी म्हणाल्या, असल्या भानगडीत कशाला पडतेस, हल्ली लोक किती फसवतात. आणि आता ऑफिसच्या पत्त्यावर स्टीलचा डबा आला. तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं कंपनीचं नाव त्यांनी लक्षात ठेवलं होतं. आत मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, वर तमिळमधली चिठ्ठी. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने ती तुला वाचून दाखवली: ‘त्या दिवशी माझ्या शेजारी कोणीतरी बसलं होतं, हे मी घरी सांगितलं. बायकोने केलंय, तिखट कमी घातलंय.’

तिखट कमी घातलंय. ते वाक्य तू फोनवर सांगितलंस तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आलं. कुठलीशी मुलगी, नाव माहीत नाही, कुठली आहे माहीत नाही, तिला आपलं तिखट सोसेल का, याचा विचार त्या बाईने चुलीपुढे बसून केला.

आणि तू म्हणतेस, ‘मी एवढंसं केलं, घ्यायला लाज वाटते.’

तुला पेठच्या आजीबद्दल सांगतो. तू तिच्या हातचं खाल्लं आहेस, पण ती कोण होती हे आम्ही तुला कधी नीट सांगितलं नाही.

१९९४ चा मे महिना. मला एसटीत लागून चार वर्षं झाली होती. जुन्या सीबीएस बसस्थानकावरून संध्याकाळी सुटणारी मुक्कामी गाडी तेव्हा माझ्याकडे होती. पेठ नाका, मग सावळघाट, पेठ, आणि पेठच्या पुढे गुजरातच्या हद्दीकडचं एक लहानसं गाव. रात्री गाडी तिथेच थांबायची आणि पहाटे साडेपाचला परत निघायची. मुक्कामी गाडी ज्या गावात थांबते, तिथे ड्रायव्हर-कंडक्टर उपाशी झोपत नाहीत. कोणाच्या ना कोणाच्या घरून नागलीची भाकरी आणि उडदाचं काहीतरी यायचं. आम्ही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पथारी टाकायचो.

मे महिन्यात त्या गाडीला पाड्यांवरच्या बायका असायच्या. सकाळी करवंदांच्या पाट्या घेऊन नाशिकला यायच्या, पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घालून दिवसभर विकायच्या आणि संध्याकाळी रिकाम्या पाट्या घेऊन परत. त्या सीटवर बसायच्या नाहीत, कितीही सांगा. दाराजवळ खाली बसायच्या. त्यांच्यातच ही एक म्हातारी. लुगडं गुडघ्यापर्यंत, कपाळावर गोंदण, हाताच्या बोटांना करवंदाचा चीक लागून काळे डाग पडलेले. मी तिकिटाला हात पुढे केला तर तिने कनवटीला चाचपलं, पदराची गाठ पाहिली, पाटीतला चिंध्यांचा तळ उलथा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘पैसं नाही, दादा. गेलं.’

बाजारात गर्दीत कोणी गाठ सोडून घेतली की पडले, देव जाणे. दिवसभराची कमाई गेली होती.

आता तुला आमच्या कामातलं एक सांगितलं पाहिजे. गाडीत बिनतिकिटाचा माणूस सापडला तर चेकर आधी कंडक्टरला धरतो. तेव्हा ‘बसा मावशी’ म्हणून सोडून देण्याची सोय नव्हती. तिकीट फाडायचं, वेबिलात हिशेब लावायचा, म्हणजे पैसे माझ्या खिशातून. मी पेटीतून तिकिटं काढली, पंच मारला, तिच्या हातात दिली. ११ रुपये. तेव्हाच्या माझ्या पगारात ते अगदीच काही नव्हते असंही नाही, पण मोठी गोष्टही नव्हती. तिने तिकिटं मुठीत धरली आणि गावाच्या अलीकडे पाड्याच्या फाट्यावर उतरून अंधारात निघून गेली. एक शब्द बोलली नाही.

तिकडे तोंडाने आभार मानायची रीत नाही. आपल्याकडे तरी कुठे होती? माझी आजी कोणाला ‘धन्यवाद’ म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. पण खरं सांगतो, मला तेव्हा लागलं. वाटलं, मान तरी हलवायची.

तीन आठवडे गेले. पहिला पाऊस होऊन गेला होता. पहाटे गाडी सुरू करून ड्रायव्हर इंजिन तापवत होते आणि मी कंदिलाच्या उजेडात पेटी लावत होतो, तेवढ्यात ती दाराशी आली. चार किलोमीटर चालून आली असणार, पाय चिखलाने भरले होते. हातात निळ्या चौकड्यांचं फडकं, गाठ मारलेलं. माझ्यापुढे धरलं. सोडून बघतो तर पाच रायवळ आंबे आणि फडक्याच्या कोपऱ्याला आणखी एक लहान गाठ. त्या गाठीत पाचाची एक नोट आणि बाकी नाणी. अकरा रुपये, बरोबर मोजून.

मी म्हटलं, ‘आजी, पैसे राहू द्या, आंबे घेतो.’ ती तशीच उभी. हात पुढे. मी पुन्हा म्हटलं, राहू द्या. मला वाटत होतं मी फार चांगलं वागतोय.

माझे ड्रायव्हर तेव्हा पन्नाशीचे होते, दिंडोरीकडचे, कमी बोलणारे. ते मागे वळून म्हणाले, ‘घ्या भाऊ. नाही घेतले तर ती पुन्हा तुमच्या गाडीला हात करायची नाही.’ मी पैसे घेतले. तेव्हा कुठे त्या म्हातारीचा चेहरा सैल झाला. ती नाशिकला आली नाही, तिला यायचंच नव्हतं. ती फक्त तेवढ्यासाठी आली होती.

घाट चढताना मी ड्रायव्हरना विचारलं, असं का म्हणालात? ते म्हणाले, ‘तुम्ही दिलं ते दान होतं. तिने परत केलं, आता ते उसनं झालं. दान घेतलेला माणूस तोंड चुकवतो. उसन्याचं तसं नसतं, शेजाऱ्यांत चालतंच ते.’

सोनू, मी तीस-बत्तीस वर्षं एसटीत काढली, किती माणसं बघितली त्याची गणती नाही, पण याच्याइतकं खरं वाक्य मी ऐकलेलं नाही. तू लहान असताना वाटीभर साखर उसनी आणायला समोरच्या काकूंकडे धावायचीस ना? आणि आई ती परत करताना वाटी जरा शिगेला भरायची. मग पुढच्या वेळी काकू आपल्याकडे यायच्या. ती वाटी पुरी कधी फिटलीच नाही, आणि फिटू नये म्हणूनच तर ती वर भरून द्यायची.

ते फडकं मी घरी आणलं. आपण तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होतो, तुझी आई नुकतीच लग्न होऊन आली होती. मी म्हटलं, उद्याच्या ड्युटीला हे परत देऊन टाकतो. ती म्हणाली, ‘मोकळं फडकं कसं देताय?’ आणि त्यात गुळाचा खडा आणि चहाची पुडी बांधून दिली.

बस, तिथून जे सुरू झालं ते सात वर्षं चाललं. फडकं कधी मोकळं गेलं नाही आणि कधी मोकळं आलं नाही. तिकडून यायची नागली, वरई, खुरासणीची चटणी, पावसाळ्याच्या तोंडाशी शेवळं, श्रावणात करटोली. इकडून जायचं गोडेतेल, काड्यापेट्या, संक्रांतीला तिळगूळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं. तिच्या घरची माणसं ऑक्टोबर छाटणीला निफाड-दिंडोरीच्या बागांत कामाला जात, द्राक्षाचा वेल त्यांच्या हाताखालून जाई, पण द्राक्षं विकत घेऊन खाणं त्यांच्याकडे नव्हतं. एकदा ती म्हणाली, ‘दादा, गोड हाये रं.’ तिने तोंडात टाकलेला तो पहिला मणी होता की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. नावही विचारलं नाही. तिने मला ‘गाडीवाला दादा’ म्हटलं, मी तिला आजी.

१९९८ मध्ये तुझा जन्म झाला. मी आनंदाच्या भरात मुक्कामाच्या गावात पेढे वाटले. पुढच्या फेरीला फडक्यात नागली आली ती वेगळी होती, भिजवून, मोड आणून, वाळवून, जात्यावर दळून, वस्त्रगाळ केलेली. नाचणीचं सत्त्व. निरोप होता, ‘पोरीला सहाव्या महिन्यात चालू करा.’ सहाव्या महिन्यात आईने तुला पहिली पेज दिली ती त्याची. तू थुंकलीस आणि मग वाटी चाटलीस.

मी ११ रुपयांचं तिकीट फाडलं तेव्हा तू नव्हतीसच.

आता त्यातला मला आजही बोचणारा भाग. २००१ मध्ये माझी ड्युटी बदलली, मला धुळ्याची गाडी मिळाली. शेवटची गाठोडी दुसऱ्या कंडक्टरच्या हातून आली, उडीद होते त्यात. फडकं आपल्याकडे राहिलं. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात सुट्टी टाकतो, मोटारसायकलने जाऊन देऊन येतो. पुढचा महिना, पुढची दिवाळी. गेलो तो २००४ मध्ये. आईने फडक्यात साखर, शेंगदाणे आणि तुझा एक फोटो बांधून दिला होता. घराला कडी. माणसं बागेच्या कामाला गेलेली. शेजारच्या बाईने सांगितलं, म्हातारी परवाच्या साली पावसाळ्यात गेली. मी ते सामान अंगणातल्या पोरांना वाटलं, फोटो खिशात घातला आणि मोकळं फडकं घेऊन परत आलो. ते आईच्या कपाटात सगळ्यात खाली आहे. तुला आठवत असेल, तू एकदा त्यात बाहुली गुंडाळलीस तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो होतो. तू रडलीस. का ओरडलो ते तेव्हा सांगायला हवं होतं.

मी हल्ली रोज सकाळी गोदाकाठी फिरायला जातो, गाडगे महाराज पुलाकडून. बाबांची धर्मशाळा आहे तिकडे, तू पाहिली आहेस. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे, कोणाचं अंगण झाडायचे, लाकडं फोडायचे आणि मगच भाकरी घ्यायचे. लोकांनी दिलेल्या पैशाला स्वतःसाठी हात लावला नाही, त्यातून धर्मशाळा उभ्या केल्या. लहानपणी मला वाटायचं, संतांना कशाला कष्ट करायचे, लोक देतच होते की. पेठच्या आजीनंतर मला ते समजलं.

मागच्या वर्षी तू मला एक लेख पाठवला होतास, अमेरिकेतल्या अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघा संशोधकांच्या कामावरचा. शिकागोत ऐन थंडीत बर्फावर घसरायच्या मैदानात लोकांना गरम चॉकलेटचा कप दिला आणि सांगितलं, हा तुम्ही स्वतःला ठेवा किंवा कोणा अनोळखी माणसाला देऊन टाका. बहुतेकांनी देऊन टाकला. मग देणाऱ्याला विचारलं, घेणाऱ्याला याचं किती वाटेल? आणि घेणाऱ्याला विचारलं, तुला किती वाटलं? देणाऱ्यांचा अंदाज कमी निघाला. त्यांच्या डोळ्यापुढे कप होता. घेणाऱ्यांच्या डोळ्यापुढे, कोणीतरी आपला विचार केला, हे होतं. तू तो लेख मला आवडीने पाठवलास आणि आता स्वतःच म्हणतेस, मी एवढंसं केलं. आजोबांचं मोजमाप आजोबांना करू दे ना. परगावच्या स्टेशनवर, बंद फोन हातात धरून सव्वा तास एकट्याने बसणं काय असतं, ते त्यांना माहीत.

दुसरी गोष्ट तुला अजिबात माहीत नाही. आईला माहीत आहे, पण तीही तिला महिन्यानंतर कळली.

मे २०२०. टाळेबंदीत मुंबईहून निघालेली माणसं कसारा चढून, इगतपुरी, घोटी, विल्होळी करत नाशिकवरून मुंबई-आग्रा महामार्गाने चालत होती. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळसाठी मजुरांची गाडी सुटली, महाराष्ट्रातून निघालेली ती पहिली. पण गाडीत जागा मिळालेले थोडे, चालणारे फार. नाशिककरांनी तेव्हा जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. विल्होळीपासून आडगावपर्यंत ठिकठिकाणी लोक खिचडी, पाणी, ताक घेऊन उभे होते. एका ठिकाणी तर नुसत्या चपला मांडल्या होत्या, सगळ्या मापांच्या. मग सरकारने एसटीने त्यांना राज्याच्या हद्दीपर्यंत फुकट सोडायचं ठरवलं आणि आमच्या ड्युट्या लागल्या. चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर आणि पुढे मध्य प्रदेशच्या हद्दीवर बिजासन घाट. तू तेव्हा रोज रडायचीस, बाबा जाऊ नका म्हणून.

एका फेरीत माझ्यामागच्या सीटवर विशीतला एक मुलगा होता, सतना जिल्ह्यातला. भिवंडीहून चालत निघालेला. मोबाईल मेलेला. धुळ्याच्या पुढे तो मला म्हणाला, ‘भैया, एक फोन? अम्मा को।’ मी माझा फोन दिला. पलीकडून बाईचा आवाज, आणि हा नुसतं ‘हाँ अम्मा, खाया अम्मा’ एवढंच म्हणत होता. खाल्लं नव्हतं. फोन परत देताना त्याने तो सदऱ्याला पुसला, दोन वेळा. मी त्याला माझा डबा दिला. तुझ्या आईने भरलेली मेथीची भाजी होती. त्याने झाकणात अर्धी काढून ते झाकण माझ्यापुढे केलं. दोघांनी खाल्लं, मधे एक सीट सोडून.

चौथ्या दिवशी त्या नंबरवरून फोन. ‘भैया, लड़का पहुँच गया।’ मी नंबर साठवून ठेवला, ‘सतना अम्मा’ म्हणून. दिवाळीला तिचा फोन आला. मी चार वाक्यं बोललो आणि विसरलो.

मग एप्रिल २०२१. तू मावशीकडे होतीस, तुला आम्ही म्हणत होतो आई बरी आहे. ती बरी नव्हती. पाच ठिकाणी फिरल्यावर सहाव्या ठिकाणी तिला ऑक्सिजनचा बेड मिळाला होता. आत सोडत नव्हते. २१ तारखेला शहरातल्याच एका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळाली आणि माणसं गेली. आई तिथे नव्हती, पण त्या रात्री नाशिकमध्ये ज्याचं माणूस ऑक्सिजनवर होतं, त्या प्रत्येकाला काय वाटत होतं ते मी लिहू शकत नाही. मी रुग्णालयाबाहेर मोटारसायकलला टेकून उभा होतो. कोणाशी बोलायचं, कळत नव्हतं. भावाला सांगावं तर तो घाबरेल, तुला सांगावं तर तू.

अकराच्या सुमारास फोन वाजला. सतना अम्मा. ‘भैया, टीवी पर नासिक दिखा रहे हैं। आप लोग तो ठीक हैं?’

ज्या शहरातून तिचा मुलगा फक्त गेला होता, त्या शहराचं नाव बातमीत ऐकून तिला मी आठवलो. मी बोलायला गेलो आणि आवाजच फुटेना. ती पलीकडे थांबून राहिली. फोन ठेवला नाही, घाई केली नाही. मग मी सगळं सांगितलं, जे कोणाला सांगितलं नव्हतं ते. तिने आईचं नाव विचारलं. म्हणाली, तुळशीपाशी तिच्या नावाचा दिवा ठेवते, रोज. आणि पुढचे अकरा दिवस, रोज रात्री त्याच वेळेला, एक मिनिटाचा फोन. ‘कैसी हैं दीदी?’ एवढंच.

तिच्या फोनाने आई बरी झाली असं मी म्हणणार नाही. आई डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी बरी केली. पण त्या रात्री मी घरी जाऊन चार तास झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी मला औषधांच्या रांगेत उभं राहता आलं.

तुझ्या मैत्रिणी म्हणतात ते अगदीच खोटं आहे असं नाही. मलाही फसवलंय. सीबीएसवर एकाने बायकोच्या औषधाला म्हणून २०० रुपये नेले आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तीच चिठ्ठी, दुसऱ्याच्या पुढे. दोन दिवस मला कोणाकडे बघवेना. आणि कित्येकांना काही केलं त्यांची पुढे काहीच खबर नाही, बहुतेकांची नाहीच. तेव्हा सांभाळून राहा. फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस, तूच नंबर लाव आणि तूच कानाला धर. एकटी कोणाबरोबर कुठे जाऊ नकोस, उजेडात आणि माणसांत थांब. पैशापेक्षा वेळ दे, वेळ उकळायला कोणी येत नाही. त्या दिवशी तू हेच सगळं केलंस, कोणी न शिकवता. साहेबांची बोलणी मात्र खरी होती. दुसऱ्यांदा असं झालं तर आधी ऑफिसला कळव.

आता डब्याचं. मुरुक्कू तू खा, टेबलाशेजारच्या मुलीला दे, चिठ्ठी वाचून दिली तिने. ‘मैत्रिणींना वाटून संपवून टाकते’ म्हणालीस तसं करू नकोस, थोडं तरी स्वतः बसून खा. तुझ्यासाठी तिखट कमी केलंय.

डबा मात्र परत जाईल. घासून, उन्हात पालथा घालून कोरडा कर, झाकणाच्या कडेला ओल राहते ती बघ. आईने आज चिवडा केलाय, आपल्या पद्धतीचा, तळलेला कांदा घालून, आणि पिंपळगावहून आणलेले बेदाणे वेगळे बांधलेत. एकत्र करू नकोस, चिवडा सादळतो. ती म्हणते, डबा शिगेला भर, हलवून हलवून भर, म्हणजे वाटेत खाली बसून अर्धा दिसणार नाही. आणि तिखट तिने कमीच घातलंय.

पार्सल उद्या सकाळी टाकतो, गुरुवारपर्यंत यावं. आलं की लगेच पाठव, त्याच आठवड्यात. पुढच्या महिन्यावर टाकू नकोस.

चिठ्ठी कशात लिहू, असं विचारशील. त्यांनी तमिळमध्ये लिहिलं, तू मराठीत लिही. त्यांच्याकडेही वाचून दाखवणारं कोणी सापडेल.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते, पार्सलमध्ये सगळ्यात खाली निळ्या चौकड्यांचं फडकं आहे, बेदाण्यांभोवती गुंडाळलेलं. ते तुझ्याकडेच ठेव.